बंगल्यात राहतं कोण?

एक मूल घरी आणायला एवढे कागद लागतात, हे विजयमालाला आधी कुणी सांगितलं असतं, तर तिनं झेरॉक्सचं दुकानच टाकलं असतं.

तिचा नवरा आकाराम गलाईवाला. तासगावकडची बरीच माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात मुलखाबाहेर जातात, आकाराम तर थेट काठमांडूला गेला. दुकानामागं एक खोली, तिच्यात भट्टीचा धूर आणि दोघांचा संसार. मूलबाळ नाही. तिथल्याच एका अनाथालयातल्या तीन वर्षांच्या सानूनं एकदा विजयमालाचं बोट धरलं ते सोडेचना. दोघांनी ठरवलं, आणायची तर हीच.

ठरवणं फुकट होतं. पुढचं सगळं पैशाचं. उत्पन्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला, डॉक्टरचा दाखला. मग त्यांचं भाषांतर, भाषांतर खरं असल्याचं प्रतिज्ञापत्र, प्रतिज्ञापत्रावर शिक्का. लग्न मांडवात झालं होतं, सरकारदरबारी व्हायचं होतं. तेही उरकलं.

"दुसऱ्यांदा लगीन लागलं गं आपलं," आकाराम हसला होता. "हुंडा तेवढा वकिलानं नेला."

शेवटी राहिलं घर. "गावी घर आहे का?" तिकडच्या कचेरीनं विचारलं. आकारामनं छाती फुगवून तीन मजली बंगल्याचा फोटो पाठवला, आणि इथंच माशी शिंकली. उत्तर आलं, घरभेटीचा अहवाल पाठवा. म्हणून विजयमाला एकटीच गावी आली होती.

आता गलाईवाल्याचा बंगला ही काही राहायची वस्तू नव्हे. मालक परमुलखात भट्टीपुढं घाम गाळतो आणि गावात त्याचा बंगला त्याच्या नावानं ताठ उभा असतो, कुलूप लावून. आकारामची आई राहीबाई मागं पत्र्याच्या खोलीत राहायची. रोज सकाळी बंगला झाडायची, पुसायची आणि पुन्हा कुलूप घालायची.

सांगलीहून अहवाल लिहायला जीनत मॅडम आल्या. राहीबाईनं त्यांना उंबऱ्यातच अडवलं.

"चपला भाईर काढा हां बाई. फरशी राजस्थानची हाय."

मॅडमनी चपला काढल्या. "छान आहे घर. राहतं कोण इथं?"

"कोन न्हाई!" राहीबाई अभिमानानं म्हणाली. "बांधल्यापास्नं एक डाग पडू दिला न्हाई मी."

विजयमालानं सासूचा पदर ओढला. "आत्याबाई, तुमी च्या ठेवा बघू."

"ठिवते की. मागं. हितं चूल पेटवली तर भिंती काळ्या हुत्यात."

मॅडमचं पेन चालू झालं. "आणि मुलगी आली की खेळणार कुठं?"

राहीबाईनं फरशी पाहिली, काचेचं कपाट पाहिलं. "अंगनात. न्हाईतर माज्या खोलीत. लेकरू म्हटल्यावर सांडलवंड आलीच की."

"वर तिची खोली हाय, मॅडम," विजयमाला घाईनं म्हणाली. "मुद्दाम गुलाबी रंग दिलाय."

गुलाबी खोलीत नवा कोरा पाळणा होता. मॅडम त्याच्याकडं बघत राहिल्या.

"मुलगी तीन वर्षांची ना हो?"

"व्हय."

"मावेल यात?"

 पाळणा आकारामनं फोनवरूनच मागवला होता.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "ताई, आज लिहायचं तर मी एवढंच लिहू शकते. घर उत्तम, राहणारं कुणी नाही. हे वाचून कोण मूल देईल?"

विजयमालाला सानूचं बोट सुटल्यासारखं वाटलं.

"खरं सांगू, मॅडम? आमी राहतो ती खोली ह्या जिन्याएवढी. खोकला आला की दोघांना येतो."

"मग तिचा फोटो का नाही पाठवलात?"

"बंगला असताना खोलीचा फोटू कोन पाठवंल?"

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "मूल कुठं राहणार ते ठरवा. खरोखर राहणार तिथं. इथं असेल तर महिन्यानं येते पुन्हा. पण मी येणार म्हणून पुसून ठेवू नका."

मॅडमची गाडी वळते न वळते तोच विजयमालानं फोन लावला. पलीकडं भट्टीचा पंखा घरघरत होता.

"झालं का काम?" आकाराम ओरडला. "बंगला बघून गार पडली आसंल मॅडम!"

"आवं, ऐका. पोरगी त्या धुरात न्हाई ठिवायची. आपले कागद हितल्या घरावर करा. मी सानूला घिऊन हितं ऱ्हाणार."

पंखा बंद झाल्याचा आवाज आला. "बंगल्यात? राहायला?"

"मग काय बघायला?"

"आन मी?"

"तुमी सुट्टीला येत जावा. आतापत्तुर बंगल्याला भेटाय येत हुता. आता आमाला भेटाय या."

 मग आकारामनं अगदी हळू विचारलं, "तिला मराठी कोन शिकवंल?"

विजयमालानं मागं वळून पाहिलं. पत्र्याच्या खोलीच्या दारात उभी राहून राहीबाई गेलेल्या मॅडमच्या नावानं तोंडभर शिव्या घालत होती.

"त्याची काळजी न्हाई," विजयमाला म्हणाली.