वाळवीने खाल्लेली मंगळाची पानं

त्या सिनेमाचं नाव मी इथे घेणार नाही. घेतलं तर उठून चूळ भरावी लागेल, आणि आता कुठे मांडी घालून बसलोय.

चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी आम्ही रेडिओवर ऐकली, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा. घरची सात माणसं मोताळ्याहून एसटीने मलकापूरला गेलो, तीनचा खेळ पाहिला आणि सातही जण तोंडं वाकडी करून परत आलो. सगळ्यांत वाकडं तोंड माझं होतं. आणि ते वाकडं करण्याचा हक्क सगळ्यांत कमी मलाच होता.

त्याचं असं झालं. आमच्या घरी एक पुस्तक होतं. वडिलांनी बाजारातल्या रद्दीच्या ढिगातून उचललेलं, पुण्याकडच्या कोण्या लेखकाचं. त्यात एक घड्याळजी असतो, ज्याला स्वतःला वेळ कधी कळत नाही. सासऱ्याच्या साठीला तरी वेळेवर पोचावं म्हणून तो उडतं यंत्र करतो आणि चुकून मंगळावर उतरतो. तिथल्या लोकांना तीन-तीन कान, पण ऐकत कोणीच नाही. एवढीच गोष्ट. पण आमच्या घरात पोथीसुद्धा इतक्या वेळा वाचली गेली नसेल.

वाचायचं कारण मात्र साहित्यिक नव्हतं. पेरणीआधी भुईमुगाचं बियाणं हाताने फोडावं लागतं. ओसरीवर घरचे आणि शेजारचे मिळून दुपारभर शेंगा फोडत बसायचे, आणि फोडणाऱ्या हातातला दाणा टोपलीऐवजी तोंडात जायचा. वडिलांनी त्यावर तोड काढली. गमतीचं काही वाचून दाखवायचं. तोंडात दाणा असताना हसू आलं की ठसका लागतो, आणि चोर आपोआप सापडतो. मी सातवी पास, एका लेकीचा बाप. घरात तेवढाच विद्वान. मला बसवलं वाचायला.

पुण्याची भाषा ओसरीवर चालेना, म्हणून मी वाचता वाचता तिची वऱ्हाडी करायचो. पुस्तकातला घड्याळजी म्हणे, "मला वाटतं आपला मार्ग चुकला." मी वाचे, "आयला, हे तं काई मोताळं नाई बे!" ठसके लागत. वडील खूश.

पहिल्याच उन्हाळ्यात मध्यावर पोचलो, पान उलटलं, तर पुढची पानं नाहीत. वाळवीने त्यांची जाळी करून टाकलेली. दहाबारा माणसं हातात शेंगा धरून माझ्याकडे बघताहेत, आणि वडील त्या दहाबारांच्या तोंडांकडे. थांबलो असतो तर बियाणं गेलं असतं. समोर आत्याबाई बसल्या होत्या. वडिलांची बहीण. कमी वयात कुंकू पुसलं गेलं, तेव्हापासून माहेरीच. मोताळ्याच्या बाजारापलीकडे फारसं गाव पाहिलेलं नाही, पण जगातल्या कुठल्याही गावाला नावं ठेवण्याची तयारी. मला तेवढंच दिसलं आणि मी एक म्हातारी बाई घड्याळजीच्या यंत्रात बसवली. बाजाराला जाणारी गाडी समजून ती चढलेली. मंगळावर उतरल्या उतरल्या ती तिथल्या राजाला म्हणते, "काऊन रे, तीन कान हायेत अन् एकातबी बाळी नाई? मायबापानं तुयं काई केलं का नाई?"

त्या दुपारी चार चोर सापडले. बियाण्याचा दाणा कधी तोंडात न घालणाऱ्या आत्याबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "या बाईले अक्कल हाय. लिवणारा शायना दिसते."

लिवणारा गप्प बसला. एक नाही, दोन नाही, बारा उन्हाळे गप्प बसला. दर वर्षी म्हातारी मंगळावर नवं काहीतरी बोलायची आणि मी पुस्तकाच्या भोकाकडे बघून ते वाचायचो. आत्याबाई बाजारात ओळखीच्या बायांना सांगू लागल्या, "माह्यावानी एक बाई पुस्तकात हाय. छापेल हाय!" छापेल हाय म्हणताना त्या जरा ताठ होत.

आणि मग त्या पुस्तकावर सिनेमा आला.

आत्याबाईंनी पेटीतलं जांभळं लुगडं काढलं, तेव्हाच मी सांगायला हवं होतं. "आपली बाई पाहाले चाललो," त्या एसटीत कंडक्टरलाही म्हणाल्या. कंडक्टर मला विचारतो, "नातेवाईक हाय काय सिनेमात?" मी सात तिकिटांचे पैसे त्याच्या हातावर मोजले.

सिनेमाबद्दल काय सांगू. घड्याळजीचा त्यांनी केसांचा कोंबडा काढलेला तरणाबांड वैमानिक केला होता. सासरा कापला, त्यामुळे साठीही गेली. मग हा मंगळावर निघाला कशाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मंगळाची राणी चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदात गुंडाळलेली, आणि दर दहा मिनिटांनी गाणं म्हणणारी. सगळ्यात शिसारी आली ती कानांची. मंगळवाल्यांना दोनच कान! अरे, गोष्टीचा जीव तो, आणि तुम्ही त्याचाच खर्च वाचवला? वर सगळे असे बोलत होते, की बायको माझ्या कानाशी म्हणाली, "हे लोकं वाचून दाखवून राह्यले काय?"

पण खोटं कशाला बोलू, यंत्र जमिनीवरून सुटलं तेव्हा मी बाकाची कड घट्ट धरली होती. बारा वर्षं जे नुसतं तोंडाने उडवलं ते डोळ्यांसमोर उडत होतं. मुलीने शिट्टी मारली. मी तिला दटावलं नाही. तेवढं एक त्यांच्या पुण्याईत जमा.

आत्याबाईंनी यंत्राकडे पाहिलंच नाही. त्या दाराकडे बघत होत्या, यंत्राच्या दाराकडे. "आता उतरन पाह्य." राणी आली. "हिच्या मांगून येत असन." गाणं झालं. मध्यंतरात फुटाणे खाताना त्या म्हणाल्या, "चांगलं माणूस मांगूनच येते." दिवे लागले, लोक उठले, तरी त्या बसून.

"बाबू," त्या म्हणाल्या, "मले काऊन काढलं यायनं?"

पडद्याच्या जागी आता नुसती मळकी चादर होती. तिच्याकडे बोट करून मी म्हणालो, "नालायक हायेत, आत्याबाई! यायले पुस्तक समजलंच नाई." आणि मलकापूर ते मोताळा मी इतक्या शिव्या घातल्या, की पुढच्या बाकावरचा माणूस जागा बदलून बसला. आज त्या सिनेमाचं नाव घेतलं की चूळ भरावी लागते, ती निम्मी त्यांच्यामुळे. उरलेली निम्मी त्या एसटीतल्या माझ्या आवाजामुळे.

मुलगी नववीत होती आणि तिला अन्याय सहन व्हायचा नाही. दुसऱ्या दुपारी ओसरीवर शेंगांचं पोतं सोडलं, तेव्हा ती सिनेमावाल्यांना पत्र लिहायला बसली. आत्याबाई कोणत्या पानावर आहेत, तो आकडा तिला घालायचा होता. आजवर माझ्याशिवाय कोणी हात न लावलेलं पुस्तक तिने उघडलं, उलटं केलं, भोकातून माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, इथं तं पानंच नाईत."

शेंगा फुटायच्या थांबल्या. मी सगळं सांगितलं. वाळवी सांगितली, वडिलांची नजर सांगितली, तीन कानांतली बाळीही सांगितली.

आत्याबाईंनी हातातली शेंग न फोडताच पोत्यात परत टाकली. मग म्हणाल्या, "म्हंजे मी छापेल नाई."

"नाई, आत्याबाई."

"बारा वर्सं मी साऱ्या बाजारात सांगून राह्यली, अन् तू आयकत होता?"

"हाव."

"मंग आता लिव. भोकात चिकटव. छापेल नाई तं नाई, लिवेल तरी होऊ दे."

तीन दिवस लागले. मुलीच्या वहीचे ताव घेतले, खळ शिजवली. आणि बोरू हातात येताच, म्हणजे टाक, मला काय झालं देव जाणे. कायम राहणार, म्हणून भाषा शुद्ध केली. म्हातारीच्या तोंडी शिव्या बऱ्या दिसेनात, त्या काढल्या. बाळीचा विनोद जरा गावंढळ वाटला, तो सौम्य केला. शेवटी मंगळाच्या राजाला ती दोन शब्द उपदेशाचेही सांगते, असं घातलं. पानं चिकटवली आणि ओसरीवर मोठ्याने वाचली. "हे राजन, आपल्या कानांत अलंकार कसे नाहीत?"

वाचताना कानावर एक आवाज येत होता. कुर्रम कुर्रम. मान वर केली. सगळी ओसरी दाणे खात होती. बायको खात होती, मुलगी खात होती. एकालाही ठसका लागत नव्हता.

आत्याबाईंनी माझ्याकडे बघत टोपलीतला बियाण्याचा एक दाणा उचलला, तोंडात टाकला आणि सावकाश चावून गिळला.

"बाबू," त्या म्हणाल्या, "थे मलकापूरवाले बरे. त्यायनं मले नुसतंच काढलं होतं."

खळ अजून ओली होती. पानं सहज निघाली.