तात्यांचा अंगठा

तात्यांचा डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर जास्त विश्वास. कळपातलं मेंढरू लंगडलं की ते त्याची मांडी दाबून बघायचे. कातडीखाली चरचरलं की म्हणायचे, "फऱ्या हाय. आतलं मांस सडतंय. वरून काय दिसणार न्हाई. थांबू नगा."

शिनोलीत माझं औषधांचं दुकान. येताजाता तात्या पायरीवर टेकायचे आणि मला "दागतर" म्हणून चिडवायचे. मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हवं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पोटरीत बाभळीचा काटा मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी घामाघूम होऊन पायरीवर बसले. जखम मुगाएवढी, भोवती जराशी लाली.

"दागतर, काटा एवढासा, पण कळ लई वंगाळ. दाबलं तर जीव जातोय. अन् आत चरचरतंय, फऱ्यावानी."

"तात्या, तुम्ही काय मेंढरू आहात?" मी हसलो. पाय दाबूनही पाहिला नाही. दुखण्याची गोळी दिली. "दोन दिवस बघू."

गोळीने कळ दबली, आजार नाही. त्याच्या दुसऱ्या सकाळी तात्यांच्या बायकोने, काकूंनी, घरी बोलावलं, तेव्हा तात्या तापात बरळत होते. पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा, टरटरून फुगलेला, फोड आलेले. मी त्यांना गाडीत घालून मंचरच्या दवाखान्यात नेलं; तिथून तसंच पुण्याला धाडलं. तिथे सलाईनमधून औषधं चालू ठेवून सडलेलं मांस दोनदा कापून काढलं. तिसऱ्या वेळी मांडीपासून पाय गेला.

ते शुद्धीवर आल्यावर सर्जनने विचारलं, "एवढं दुखत होतं, तर आधी कुणाला दाखवलं नाही? एक दिवस आधी आला असतात, तर कदाचित पाय राहिला असता."

मी कॉटशेजारीच उभा होतो. तात्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "न्हाई सायेब. मीच आंगावर काढलं."

मेंढरं विकली. तात्या कुबड्या घेऊन दिवसभर माझ्या पायरीवर बसू लागले. कुणी सुजलेला हात-पाय घेऊन आलं की मी आधी त्यांच्याकडे बघायचो. ते अंगठा टेकवायचे, माणूस किती कळवळतो ते बघायचे. "शटर वढ. गाडी काढ." एकदा नुसतंच गळू निघालं. मंचरचे डॉक्टर माझ्यावर खेकसले. तात्या म्हणाले, "खेकसू दे. पाय हाय ना जागेवर?"

या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. दहाव्याला काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तेंनी आंगावर काढलं म्हून पाय गेला. पर भाऊ, तुमी व्हता म्हून जीव तरी वाचला."

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतोय.