बहादूरची झडती

बहात्तर साली रामदासपेठेतल्या वकीलसाहेबांना फौजेतल्या भावाने पहाडातून एक भोटिया कुत्रा पाठवला. चांगला वासराएवढा! आणि घरचं धुणं नेणाऱ्या पंचफुला वरठिणीचं कपाळच उठलं. हा बहादूर तिला बंगल्यात मुकाट शिरू द्यायचा. पण धुण्याचं गाठोडं घेऊन ती निघाली, की फाटकात आडवा. मालकाच्या वासाचे कपडे घेऊन ही बाई चालली कुठे, एवढंच त्याचं म्हणणं.

पंचफुलाने त्याला भाकर चारली. बेट्याने भाकर तिची खाल्ली आणि जागला मालकाच्या मिठाला.

"पाहा बाई, लाच खाते अन् काम नाही करत!" ती वकिलीणबाईंकडे, यमुताईंकडे, कुरकुरली.

"अगं, दरवेळी मी कुठवर धरून ठेवू याला?" यमुताई वैतागल्या. "दुसरी कोणीतरी बघावी लागेल."

झालं! बारा वर्षांचं घर एका कुत्र्यापायी सुटणार? पंचफुला हट्टाला पेटली. व्हरांड्यात फतकल मारून तिने गाठोडं सोडलं आणि एकेक कपडा बहादूरच्या नाकापुढे धरला. "घे, हुंग. नेऊन राहिली मी, खाऊन नाही राहिली." धुऊन आणल्यावर पुन्हा तेच. दोन महिने ही झडती चालली, आणि मग एक दिवस बहादूर आपणहून बाजूला सरकला.

"माह्यावर भरोसा बसला गा त्याचा!" घरी नवऱ्याला सांगताना तिला कोण आनंद!

दिवाळीला यमुताईंनी आपली निळी साडी तिला दिली. पंचफुलाने रीतीप्रमाणे ती बहादूरला हुंगवली, घरी नेली आणि लेकीच्या लग्नात नेसायची म्हणून पेटीत घातली. पुढच्या खेपेला तिने धुऊन आणलेलं गाठोडं बहादूरने तळापर्यंत उपसलं आणि जाऊन फाटकात आडवा बसला. त्यानंतरच्या खेपेलाही तेच. यमुताईंना उलगडा होईना. पंचफुलाला झाला, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"निळी साडी शोधून राहिला, बाई. चोर समजते मले."

दुसऱ्या दिवशी ती धुणं न्यायला आली ती निळी साडी नेसूनच. "आणली ना गा. पाह्य आता."

बहादूरने पदर हुंगला, निऱ्या हुंगल्या, मग तिचा हात हुंगला, मग पुन्हा पदर. शेवटी त्याने एक लांब सुस्कारा सोडला, तिच्या पायांवर आपलं जडशीळ डोकं टेकवलं आणि लाळेने निऱ्या ओल्याचिंब केल्या.

"अगाई! माही लग्नाची साडी!" पंचफुला ओरडली. पण पाय काही तिने हलवला नाही.