औषध लावलेलं बियाणं

मी शेतकी खात्यात लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी, ऐन कापणीच्या तोंडावर, मोठं वादळ झालं. पनवेलच्या खाडीकाठी पंचवीस-तीस आगरी घरांचं एक गाव होतं. उधाणानं त्यांचा बांध तीन ठिकाणी फोडला आणि उभं पीक खाऱ्या पाण्यात गेलं. घरांत पाणी शिरून कणगीतलं भातही नासलं. तलाठ्याबरोबर पंचनाम्याला मीच गेलो होतो. अहवालात मी लिहिलं, ‘पुढील हंगामासाठी भाताचे बियाणे मिळावे.’ कोणतं भात, ते लिहिलं नाही. मी देशावरचा. खारातलं, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतलं, भात निराळं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

सरकारनं थंडीभर त्या गावाला धान्य पुरवलं, मग ते बंद झालं. ज्येष्ठात बियाण्याची पोती आली. रोगराई लागू नये म्हणून त्याला एक राखाडी पूड चोळलेली होती. ती जहाल विषारी होती. पोत्यांवर तसं छापलेलं होतं, पण इंग्रजीत. मी देवळापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, “औषध लावलंय याला. रोप चांगलं येईल.” बस्स, एवढंच. आभाळ भरून आलं होतं, मला अजून दोन गावं उरकायची होती. माणसं मुकाट्यानं टोपल्या भरून घेऊन गेली.

दुपारी वाटप संपल्यावर मी एका म्हातारीच्या ओटीवर पाणी प्यायला टेकलो. नवरा गेल्यापासून ती एकटीच शेत कसत होती. तिनं आपल्या टोपलीतलं मूठभर भात तळव्यावर घेतलं आणि अंगठ्यानं फिरवून पाहिलं.

“हे गोड्या पान्यातलं भात,” ती म्हणाली. “आमच्या खारात नाय व्हायचं. आमाला खाऱ्या पान्यातला राता लागतो.”

“मग सकाळी घेतलंत कशाला?”

“खायला,” ती सरळ म्हणाली. “धुवायचं, कांडायचं. घरात दुसरं काय हाय? आन औषध लावलंय म्हंजे पोटाला बरंच की!”

गावात दोन-तीन ठिकाणी मुसळाचा आवाज येत होता. मघापासून येत असणार. माझ्या कानांवर तो तेव्हा पडला.

मी उठलो तो पळतच सुटलो. पहिल्या घरात एक बाई कांडत होती. मी ओरडलो, “थांबा! ते विष आहे!” तिचा नवरा दारात आडवा उभा राहिला.

“सकाळी देता नि दुपारी नेता? दुसऱ्या कुनाला द्यायचं हाय काय?”

“अहो, पोटात गेलं तर माणूस मरेल.”

“सरकार गावाला इष वाटतं काय?”

आवाज ऐकून माणसं जमली. कोणी म्हणालं, याच्या घरी भुकेली पोरं नाय, म्हणून आमच्या तोंडचं काढतोय. एकानं माझी पिशवी ओढली. तेवढ्यात म्हातारी आपली टोपली कमरेवर घेऊन आली आणि तिनं ती माझ्या पायांशी ओतली.

“माजं पयलं ने,” ती मला म्हणाली आणि लोकांकडे वळली. “मानूस घाबरलाय. तोंड बघा त्याचं. खोटं बोलनारा असा थरथरत नाय.”

“आन आमी खायचं काय?” दारातल्या माणसानं विचारलं.

“उद्या धान्य येईल,” मी म्हणालो. धान्य कुठून येणार हे मला माहीत नव्हतं. मला तसं बोलायचा अधिकारही नव्हता.

म्हातारी पुढे, मी मागे, असे आम्ही घरोघर गेलो. चुलीवर चढलेली दोन मडकी लोकांनी आमच्यासमोर उपडी केली. शेवटच्या घराचं दार ओढून घेतलेलं होतं. परसात एक तरणी बाई भिंतीला धरून ओकत होती. नवरा पोट दाबून बसला होता. दोघांनी मघाशी त्याचीच पेज खाल्ली होती. तो थोडीच प्यायला होता, तिनं पोटभर खाल्ली होती.

भरती लागली होती, म्हणून बैलगाडीपेक्षा होडी लवकर पोचणार होती. चार जणांनी दोघांना उचलून होडीत घातलं. पनवेलच्या बंदरापर्यंत मी तिचं डोकं धरून बसलो होतो. ती मधेच डोळे मिटायची आणि मी तिला हाका मारायचो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काय खाल्लं एवढं विचारलं आणि लगेच अंड्याचा पांढरा बलक पाजायला घेतला. संध्याकाळी ते बाहेर येऊन म्हणाले, “जगतील दोघं. बाईचं पुढचं आज सांगता येत नाही.”

तिथून मी मामलेदारसाहेबांच्या घरी गेलो आणि घडलं ते सगळं सांगितलं. पोत्यांवरचं मी वाचलं होतं, हेही सांगितलं.

“धान्याचा शब्द कुणाला विचारून दिलात?”

“कुणालाच नाही, साहेब.”

मग त्यांनी टेबलाशी बसून बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या नावानं चिठ्ठी लिहिली. ती माझ्या हातात देताना म्हणाले, “मंजुरीचं मी बघतो. तुमचा जबाब मात्र उद्या लेखी हवा.” दुसऱ्या दिवशी सकाळी तांदळाच्या दोन गाड्या घेऊन मी गावात शिरलो. पोती उतरवायला सगळे आले.

रात्याचं बियाणं उरणच्या बाजूला, बांध शाबूत राहिलेल्या एका खारात मिळेल, हे म्हातारीनंच सांगितलं. माझ्याबरोबर होडीत बसून ती आली आणि दाणा दातानं फोडून तिनं ते निवडलं. त्या वर्षी पीक बेताचंच आलं, कारण मीठ अजून जमिनीत होतं. मला ठपका मिळाला आणि पगारवाढ थांबली. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

दोन वर्षांनी पनवेलच्या बाजारात ती पेज खाल्लेली बाई दिसली. डोक्यावरची पाटी नवऱ्यानं उतरवून घेतली. पाण्याचा तांब्या तिनं दोन्ही हातांनी धरला, तरी हात इतके कापत होते की निम्मं पाणी पदरावर सांडलं. मला ओळखून ती हसली आणि म्हणाली, “औंदा राता बरा झाला, साहेब.”