लाल बावट्याच्या पलीकडे

“ताई, आधीच सांगतो, मला भीती वाटते,” असं म्हटल्याशिवाय आमचा वॉचमन कुठल्याही कामाला हात घालत नसे. टाकीवर चढायचं असो, साप हुसकायचा असो, की सेक्रेटरींच्या बायकोला निरोप द्यायचा असो. एकदा बोलून झालं की मात्र काम करून मोकळा. ‘पगारी भित्रा’ म्हणायचो आम्ही त्याला. तुमच्याही सोसायटीत असा कुणी असेल, तर त्याला जपा.

तो नेपाळचा. नाशिक त्याच्यासाठी परदेशच. बारा वर्षं देवळाली कॅम्पच्या कडेला राहून मराठी बरं जमायला लागलं होतं, घाईत मात्र हिंदीवर यायचा. तोफांच्या सरावाचा आवाज आम्हाला कुकरच्या शिट्टीइतका सवयीचा. तो मात्र तोफेचा प्रत्येक बार झाला की खांदे आक्रसायचा.

भिंतीपलीकडे मामींचा गोठा. त्या आमच्या नात्यातल्या नव्हेत. दूध देतात म्हणून सगळ्यांच्या मामी. एका सकाळी मी दूध घेऊन निघाले, एका हातात किटली, दुसऱ्या हाताने कानाला मोबाईल. गोठ्याच्या फाटकाची कडी लावायची राहिली. अर्ध्या तासात मामींची किंकाळी ऐकू आली. चारही म्हशी माळावर गेल्या होत्या, आणि माळाच्या टोकाला खांबावर लाल बावटा चढला होता. बावटा चढला की पलीकडे तोफा सुरू होतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हशींना कोण सांगणार?

कडीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

तोफा थांबवा म्हणून सांगायला सेक्रेटरी स्कूटरवरून लष्कराच्या चौकीवर गेले. आम्ही पाचसहा जण काठ्या घेऊन ओरडत मागे लागलो, तर म्हशी आणखीच पुढे पळाल्या. खांबाशी आमचे पाय थबकले. म्हशी तो ओलांडून गेल्या होत्या.

तेवढ्यात तो मागून आला. हातात गोठ्यातली खड्या मिठाची पिशवी.

“मागून नका हाकलू,” तो म्हणाला. “हमारे गाँव में पुढे जाऊन बोलावतात.” मग माझ्याकडे वळला. “ताई, फार भीती वाटते.”

‘नको जाऊस’ एवढंच म्हणायचं होतं मला. आणि मी म्हणाले, “जा ना लवकर, लांब जातील त्या!” आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तो वळसा घालून म्हशींच्या पुढे पोहोचला. चौकीवर निरोप पोहोचला की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. आणि बार झाला. टेकडीमागे कुठेतरी, पण पायाखालची जमीन हलली. तो मटकन खाली बसला, मुठी डोक्यावर धरून. मी डोळे गच्च मिटले. शेजारच्या काकू रामरक्षा म्हणत होत्या, आणि तीही चुकत होती.

डोळे उघडले तेव्हा थोरली म्हैस त्याच्या डोक्यावरची मिठाची मूठ चाटत होती. तो कसाबसा उठला. “आ, आ,” करत आमच्याकडे चालायला लागला. चारही म्हशी त्याच्या मागे. दुसरा बार झाला नाही. बावटा खाली उतरला.

गोठ्याशी सेक्रेटरींनी विचारलं, “कडी कुणी उघडी टाकली?”

मी वाकून चपलेतला खडा काढायला लागले.

“मी,” तो म्हणाला. सगळ्यांसमोर त्याला बोल बोल बोलले. तो मान खाली घालून उभा.

पुढच्या वर्षी सोसायटीने कॅमेरे बसवले आणि त्याला कायमची रजा दिली. तो गावी गेला. त्यानंतर कुठे माझी जीभ सुटली. मामी धार काढत होत्या, त्यांना सगळं सांगितलं.

“मला काय नवं सांगती?” त्या म्हणाल्या. “तुला जाताना मी बघितलं व्हतं, त्यानं बी. शेक्रेटरीनं इचारलं तवा मी बोलनारच व्हते, पन त्यानं तुझ्यामागून हात जोडले. नंतर म्हनला, मामी, ताई लय कापत होती. मी रोज बोलनी खातो, तिला सवय नाय.”

मी तशीच सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि जुनं रजिस्टर काढलं. चिठ्ठी तरी पाठवावी. त्याच्या नावापुढे कायमच्या पत्त्याचा रकाना होता. त्यात आमच्याच कुणाच्या तरी अक्षरात लिहिलं होतं : गेटजवळची केबिन.