एकशे अठ्ठेचाळिसावी ओळ

यवतमाळच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी सात वर्षं नोकरी केली. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी दाबणाऱ्या प्रेसना लागणारी कंट्रोल कार्डं आम्ही बनवायचो. माणसं आठ. त्यात प्रोग्राम लिहिणारी मी एकटीच. पुण्यात शिकून, तिथंच चार वर्षं नोकरी करून मी दारव्ह्याला आईवडिलांकडे परत आले होते आणि रोज जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यवतमाळ गाठायचे. पुण्याहून आलेय हे मी कोणाला विसरू देत नव्हते.

टेस्टिंगच्या टेबलावर मुकुटबनकडचे एक गृहस्थ बसायचे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आयटीआय झालेले. घरी कोलामी बोलत, आमच्याशी वऱ्हाडी. इंग्रजी वाचताना त्यांचे ओठ हलत. डीबगरला ते ‘डीबगार’ म्हणायचे. चहाच्या वेळी मी त्यांची नक्कल करून दाखवायची आणि सगळे हसायचे. भाऊसुद्धा हसायचे. त्यांना त्यात मजा वाटते असं मी धरून चालले होते.

डीबगर वापरायला त्यांना मीच शिकवलं होतं, तेही माझं काम हलकं व्हावं म्हणून. चालत्या प्रोग्रामला हव्या त्या ओळीवर थांबवून आत डोकावायचं, एवढंच त्यांनी करायचं होतं. आपण ओळीवर लाल ठिपका ठेवतो, त्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. प्रोग्राम तिथं आला की थांबतो. आत काय घडतं ते मी सांगितलं नव्हतं. त्यांना काय करायचंय ते, असं मला वाटायचं.

एका वर्षी दिवाळीनंतर आम्ही नव्या प्रेसचं कार्ड तयार करत होतो. प्रेसच्या पेटीला बाजूनं दरवाजा असतो. वरून दट्ट्या खाली येत असताना कोणी दरवाजा उघडला तर दट्ट्या जागच्या जागी थांबला पाहिजे. ती तपासणी माझ्या प्रोग्रामात एकशे अठ्ठेचाळिसाव्या ओळीवर होती. दट्ट्या चालू असेपर्यंत फिरत राहणाऱ्या चक्रातली ती ओळ: दरवाजा उघडा असेल तर थांब.

एका सकाळी भाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“मॅडम, त्या दरवाज्याच्या ओळीवर ठिपका बसून नाई राह्यला.”

“बसत नाही म्हणजे?”

“मी एकशे अठ्ठेचाळीसवर ठेवतो, तो आपल्या मनानं एकशे एक्कावन्नवर जाते. पाच खेपा पाह्यलं.”

“मग एक्कावन्नवर बघा. तीन ओळींनी काय होतं?”

ते गेले नाहीत. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे उलगडला. कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्राम मशीनच्या हुकुमांत उतरवणारा प्रोग्राम, हुकुमांसोबत एक तक्ताही लिहून ठेवतो: अमुक पत्त्यावरचा हुकूम अमुक ओळीतून आला. ठिपका ठेवला की डीबगर त्या तक्त्यात ओळ शोधतो, तिच्यासमोरचा पत्ता घेतो आणि खरं थांबणं त्या पत्त्यावर होतं. मशीनला ओळी कळत नाहीत, पत्ते कळतात. भाऊंनी स्क्रीनवरचा तो तक्ता शोधून काढून पेनानं उतरवला होता. डावीकडे पत्ते, उजवीकडे ओळी. सेहेचाळीस, सत्तेचाळीस, मग एकदम एक्कावन्न.

“याच्यात अठ्ठेचाळीस नाईच,” ते म्हणाले. “मले वाटते, ती ओळ मशीनमंधी गेलीच नाई. कागदावर हाय, मशीनमंधी नाई. म्हणून ठिपका पुढच्या ओळीवर घसरते.”

त्यांचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. मी तो कागद नीट वाचला असता तर दोन मिनिटांत मला ते कळलं असतं. पण खोलीतली बाकीची माणसं काम थांबवून ऐकत होती, आणि माझ्या प्रोग्रामातली चूक आयटीआयवाला दाखवतोय हे मला सहन झालं नाही.

“भाऊ, इकडे या,” मी मोठ्यानं म्हटलं. “सगळेच या.”

कंपायलरला प्रोग्राम आटोपशीर आणि वेगवान करायला सांगता येतं. तसं केलं की तो काही ओळी हलवतो, काही गाळतो, आणि ठिपके इकडेतिकडे सरकतात. हे मला ठाऊक होतं. मी ती सोय बंद करून प्रोग्राम पुन्हा बनवला, टेबलावरच्या कार्डात भरला आणि एकशे अठ्ठेचाळीसवर ठिपका ठेवला. तो बसला. दरवाज्याचा स्विच दाबला. प्रोग्राम नेमका त्याच ओळीवर थांबला.

“दिसली ओळ?” मी विचारलं.

“दिसली.”

“मशीनमध्ये आहे की नाही?”

“याच्यात हाय.”

“मग डीबगार काय म्हणतो?”

सगळे हसले. भाऊंनी कागदाची घडी घातली.

“पण मॅडम, आपण प्रेसवर हे नाई ना धाडत. तिकडं तर दुसरं धाडतो, लहान केलेलं.”

तेही खरं होतं. सोय बंद केलेला प्रोग्राम कार्डावरच्या चिपमध्ये मावायचा, पण पुढच्या सुधारणांना जागा उरत नव्हती, म्हणून गिऱ्हाइकाकडे आटोपशीर केलेलाच जायचा. मी म्हटलं, “भाऊ, तुमचं काम सोल्डर तपासायचं. तेवढं करा.” मग टेस्टिंगचा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पेन उचललं नाही. मालक दारातून म्हणाले, “सही करा ना, गाडी थांबून आहे.” भाऊंनी सही केली.

महागावकडच्या एका प्रेसिंग कारखान्यात कार्ड बसवायला मी स्वतः गेले. तिथल्या कामगारांना जमवून मी दरवाजा उघडा ठेवला आणि चालू करायचं बटण दाबलं. दट्ट्या हलला नाही. मी दोनदा करून दाखवलं. म्हटलं, “दरवाजा उघडा असला की हे चालत नाही. घाबरायचं कारण नाही.” पुढच्या रांगेत हिरव्या लुगड्यातली एक बाई होती. तिनं विचारलं, “चालू असताना उघडला तर?”

“तरी थांबतो,” मी म्हणाले.

तेवढं मी करून दाखवलं नाही. जेवायची वेळ झाली होती.

एकवीस दिवसांनी त्याच बाईनं दट्ट्या खाली येत असताना दरवाजा उघडला. फटीतून रुई बाहेर आली होती, ती आत ढकलायला. दट्ट्या थांबला नाही. तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

फोन आला तेव्हा मालक तिकडे गेले आणि मी खोलीचं दार लावून गिऱ्हाइकाकडे गेलेला प्रोग्राम कार्डात भरला. एकशे अठ्ठेचाळीसवर ठिपका ठेवला. तो एक्कावन्नवर घसरला. मी तक्ता उघडला. भाऊंनी पेनानं लिहिलेलेच आकडे. दरवाज्याची स्थिती बाहेरून बदलू शकते हे मी कंपायलरला सांगितलं नव्हतं. चक्राच्या आत ती कोणी बदलताना त्याला दिसलं नाही, म्हणून त्यानं ती चक्राआधी एकदाच वाचून घेतली होती. आतली ओळ त्याच्या हिशेबी निरुपयोगी ठरली आणि त्यानं ती काढून टाकली. सुरू होताना दरवाजा उघडा असेल तर प्रेस चालत नव्हता. मध्ये उघडला तर त्याला कळतच नव्हतं. ‘हे बाहेरून बदलू शकतं’ एवढं कंपायलरला सांगणारा एक शब्द लिहायचा राहिला होता. मी तो लिहिला. ठिपका जागेवर बसला.

मालक संध्याकाळी परत आले. “बाईचीच चूक आहे. चालू मशीनमध्ये हात घातला. तिनंही तसंच सांगितलं,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “आपल्याकडून काही आहे का?”

मी म्हटलं, “टेस्टिंग झालं होतं.”

“सही कोणाची?”

फॉर्म त्यांच्यासमोरच होता.

दुसऱ्या दिवशी भाऊंना काढलं. डबा पिशवीत ठेवून ते माझ्या टेबलाशी आले. भांडले नाहीत.

“मॅडम, खरं सांगा. ती ओळ होती का मशीनमंधी?”

“होती,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले. त्यांना ते पटलं की नाही हे मला चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. पुढच्या आठवड्यात सगळ्या गिऱ्हाइकांकडे नवी चिप गेली. सोबतच्या पत्रात मी ‘सुधारित आवृत्ती’ असं लिहिलं होतं. वर्षाखेरीस मालकांनी माझं कौतुक केलं.

तीन वर्षांनी मी भाऊंना फोन केला. ते मुकुटबनला मोटारपंपांच्या स्टार्टरची दुरुस्ती करायचे. मी सगळं सांगितलं.

“मले माईत होतं,” ते म्हणाले. “त्या बाईले सांगतलं का?”

“नाही.”

“मंग मले कायले सांगून राह्यल्या?” आणि फोन ठेवला.

त्या रविवारी मी महागावला गेले. बाई घरी होती. डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलत होती. तिची जाऊ अंगणवाडीत सेविका होती, तीही बसली होती. मी कोण ते सांगितलं, मग काय झालं होतं ते. ओळ, तक्ता, ठिपका, सगळं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. बाईनं मध्ये एकच गोष्ट विचारली.

“म्हणजे ते थांबणारच नवतं?”

“नाही.”

“तुमी तर म्हटलं होतं, थांबते.”

“हो.”

तिनं हातातली शेंग टोपलीत टाकली. मग म्हणाली, “तीन साल मी सगळ्याईले सांगून राह्यली, माहीच चूक हाय. आमच्या कारखान्याच्या सायबानं तसंच म्हणायले लावलं होतं. नवरा रोज आयकवते, आंधळी हायस का म्हणून.”

जावेनं आतून वही आणि पेन आणलं. “लिहून द्या,” ती म्हणाली.

मी लिहिलं: तांत्रिक कारणामुळे दरवाज्याची तपासणी होऊ शकली नाही. खाली सही करायला लागले तर जावेनं वही ओढून घेतली आणि मोठ्यानं वाचलं.

“हे कोणी केलं, ते याच्यात कुठं हाय?”

“तांत्रिक कारण म्हणजे...”

“आमच्या दफ्तरातबी असंच लिहितात. कोणाचं नाव येऊ नये म्हणून.” तिनं पान फाडलं आणि कोरं पुढे केलं. “मी सांगते तसं लिहा. ‘मी’ पासून सुरू करा.”

मी लिहिलं. मी प्रोग्राम लिहिला. मला सांगण्यात आलं होतं. “कोणी सांगतलं?” तिनं विचारलं. टेस्टिंगच्या कामगारानं सांगितलं होतं. मी त्याला सर्वांसमोर हसले. मी प्रेस चालू असताना दरवाजा उघडून पाहिला नाही. मला नंतर कळलं आणि मी गप्प बसले. प्रत्येक वाक्यानंतर जाऊ ते वाचून दाखवायची आणि बाई मान हलवायची. दोन पानं झाली. त्यांच्यापैकी कोणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर मला तिथं बसणं सोपं गेलं असतं. सही झाल्यावर बाईनं शेंगांची टोपली उचलली आणि आत गेली.

ती पानं बाईच्या वकिलामार्फत मालकांकडे पोचली त्या दिवशी माझी नोकरी गेली. बाईनं लावलेल्या भरपाईच्या दाव्यात मालकांचे वकील म्हणतात, बाईनं नोकरी गमावल्याच्या रागात हे लिहिलं. ‘बाई’ म्हणजे मी. पानांवरची तारीख त्याआधीची आहे हे त्यांना माहीत आहे.

मागच्या सुनावणीला भाऊ साक्षीला आले होते. कोर्टाच्या व्हरांड्यात ते बाईच्या वकिलाला समजावत होते, पत्ता म्हणजे काय, ओळ म्हणजे काय, आणि दोन्हींचा मेळ कुठं लिहिलेला असतो. वकिलाला कळत नव्हतं. भाऊ न चिडता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. मला ते याहून लवकर सांगता आलं असतं. मी समोरच्या बाकावर बसले होते, पण त्यांच्यापैकी कोणीही मला विचारलं नाही. दुपारी तीनला शिपायानं येऊन सांगितलं की जजसाहेब उठले, आज काही होणार नाही. बाई, जाऊ आणि भाऊ एकाच ऑटोत बसून स्टँडकडे गेले. मी थोडी थांबले, मग पायी निघाले.