फोटोखालची ओळ

…तर ती बाई शेळीला हातगाडीवर घालून थेट दवाखान्याच्या दारात आली आणि आमच्या सुनेवर बरसली, "सकाळी आठला निरोप धाडलाय! तुमचा तो बॉट काय झोपा काढतो?"

काल इथेच थांबलो होतो ना? पण मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमची सून जनावरांच्या दवाखान्यात पंधरा वर्षं खिडकीवर बसते. नावं लिहून घेते, चावरी कुत्री धरते, रडवेल्या मालकांना पाणी देते. चाळिशी उलटल्यावर ती पायथन नावाची संगणकाची भाषा शिकली. पायथन म्हणजे अजगर, हे कळल्यावर मी म्हटलं, "अगं, दवाखान्यात जनावरं कमी होती म्हणून हे घरी आणलंस?" हसायलाही फुरसत नव्हती तिला. ओट्यावर लॅपटॉप, शेजारी विसळलेली भांडी, आणि हिची बोटं चालूच.

सहा महिने खपून तिने दवाखान्यासाठी बॉट लिहिला. लोकांचे निरोप चाळून डॉक्टरांच्या फोनवर पोचवायचे, एवढंच त्याचं काम. डॉक्टर वैतागलेच होते. रोज सकाळी शंभरएक फोटो: फुलं, उगवता सूर्य, सुविचार. त्यात आजारी जनावराचा निरोप बुडून जायचा. त्या फुलांत माझंही एक असायचं, कबूल करतो. मुलाने फोन घेऊन दिल्यापासून माझा रोज एक गुलाब सगळ्यांना जातो. डॉक्टरांनाच का वगळायचं?

म्हणून सुनेने चाळणी बसवली. निरोप लिहिलेला असेल तर आत, बाकी सगळं बाहेर. पायथनची लायब्ररी म्हणून दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडचा साठा असतो, त्यात तशी आयती सोय असते म्हणे, एका ओळीचं काम. आठवडाभर सगळं झकास चाललं.

आणि मग ही शेळी. बाईने फुगलेल्या पोटाचा फोटो काढला आणि त्याच्याच खाली लिहिलं, "उठत नाही, लवकर या." तुमच्या-माझ्या डोळ्याला ते लिहिलेलंच की! पण बॉटच्या लेखी फोटोखालची ओळ हा मजकूर नव्हे, तिची जात वेगळी. फोटो गेला बाहेर, त्याच्याबरोबर ओळही गेली.

शेळी वाचली. डॉक्टरांनी नळी घालून पोटातला वायू काढला. पण त्यांचा पारा उतरेना. "आज शेळी वाचली, उद्या गाय जाईल. शनिवारी हे यंत्र बंद."

घरी मी म्हटलं, "त्या बाईलाच सांगायचं, नुसतं लिहून पाठव म्हणून."

"बाबा, शेळी आडवी पडल्यावर कुणी नियम वाचत बसतं का? चूक माझी आहे."

तिने चाळणी बदलली. आता लिहिलेला निरोप आत, आणि फोटोखाली ओळ असेल तर तोही आत. शिवाय चाळणीखाली परात ठेवावी तसं केलं: कशातच न बसणारं काही असेल तर ते टाकून द्यायचं नाही, तिच्या स्वतःच्या फोनवर यायचं.

शनिवारी तिने शेळीवाल्या बाईलाच बोलावून घेतलं आणि तोच फोटो, तीच ओळ पुन्हा पाठवायला लावली. डॉक्टरांच्या खिशात टुणकन वाजलं.

"उठला बाई एकदाचा!" शेळीवाली म्हणाली.

डॉक्टरांनी फोनवरचा निरोप दोनदा वाचला. "राहू दे मग," म्हणाले, आणि आत गेले.

घरी हे ऐकून मला तर उकळ्याच फुटल्या. विचारलं, "म्हणजे सूनबाई, माझा गुलाब आता पोचणार?"

"पोचेल बाबा, पण माझ्याकडे. आणि खाली 'शुभ सकाळ' तेवढं लिहू नका, नाहीतर तो थेट डॉक्टरांकडे जाईल."